डावा खांब

सोमवार, १७ नोव्हेंबर १९३०

मला लिहायची सवय नाही. बाराव्या वर्षी शाळा सुटली, त्यानंतर लढाईवरून आईला लिहिलेली चार पत्रं, एवढंच. पण जे झालंय ते बायकोला, हेटीला, सांगता येत नाही, क्लबात तर नाहीच, आणि मनात ठेवून झोप लागत नाही. म्हणून ही वही. कपाटात माझ्या जुन्या बुटांखाली ठेवीन. त्या बुटांना हेटी हात लावत नाही.

शनिवारी आमच्याच मैदानावर सामना होता. दुसऱ्या अर्ध्यात मी चेंडूवर सूर मारला आणि त्यांच्या सेंटर फॉरवर्डचा बूट डाव्या कानशिलावर बसला. यात नवं काही नाही. नऊ वर्षं ब्रॅकनशॉ टाउनचा गोल राखतोय, नाक दोनदा मोडलंय, बोटं कुठल्या दिशेला वळतील ते माझं मलाच सांगता येत नाही. आमचा ट्रेनर म्हातारा डॅन स्पंज घेऊन धावत आला, तोंड पुसलं, मी उठलो, खेळलो.

आज दाढी करताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळं काहीतरी आलं. वाटलं, खुंटीवरचा टॉवेल लोंबतोय. हातानं सारायला गेलो तर तिथे काहीच नव्हतं.


शनिवार, २२ नोव्हेंबर

बाहेरगावी खेळलो, एक-दोन असे हरलो. दुसरा गोल डावीकडून आला. चेंडू मला जाळ्यात शिरल्यावर दिसला.

परतीच्या गाडीत कोणी मला बोललं नाही. क्लेम रिग्बी शेजारी येऊन बसला. क्लेम आमचा कप्तान आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव सांभाळणारा; सहा वर्षं माझ्या गोलाच्या डाव्या खांबासमोर उभा आहे, राहतो दोन गल्ल्या सोडून. म्हणाला, "ऊन डोळ्यावर आलं ना रे तुझ्या? मलाही काही दिसेना."

मी हो म्हटलं. दिवसभर ढग होते.


मंगळवार, २ डिसेंबर

हेटीला सांगितलं, मँचेस्टरला पलटणीतल्या एका मित्राला भेटायला जातो. कोणाला, म्हणाली. तोंडातून डॉकरी निघालं. डॉकरी सतरा सालीच गेला, आणि ते तिला मीच सांगितलं होतं. पण ती काही बोलली नाही. विसरली असेल.

डोळ्याच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत बसवून बराच वेळ आत दिवा मारला. मग म्हणाला, डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, ओलसर भिंतीवरचा रंगीत कागद सुटतो तसा. अजून सुटत जाईल. उपाय विचारला. डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून दोन-तीन महिने उताणं पडून राहायचं, तरी खात्री नाही म्हणे. धंदा काय करता? मी म्हटलं, टपाल खात्यात आहे. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं.

"टपाल चालेल," तो म्हणाला. "पण कोणी तुमच्या अंगावर चेंडू मारत असेल तर ते आजपासून बंद. दुसरा डोळाही तसाच जाऊ शकतो."

स्टेशनवर दीड तास बसून राहिलो. तीन महिने उताणा पडलो तर पहिल्या आठवड्यातच सगळ्या गावाला कळेल. हेटी चार माग सांभाळायची. तिच्या गिरणीच्या धुराड्यातून सप्टेंबरपासून धूर नाही. दर सोमवारी ती दुसऱ्या गिरण्यांच्या फाटकावर जाऊन उभी राहते आणि दुपारी तशीच परत येते. घर क्लबचं आहे. मी खेळतो तोवर आमचं. मी बत्तीस वर्षांचा. चेंडू अडवण्याखेरीज मला काय येतं?

कोणाला सांगायचं नाही, असं ठरवलं. मे महिन्यात पुढच्या वर्षी क्लब कोणाला ठेवणार त्याची यादी लागते. तोवर एका डोळ्यानं काढायचं.


शुक्रवार, ५ डिसेंबर

या आठवड्यात तीन कप फोडले. चहा ओततो तो टेबलावर पडतो. दाराची चौकट खांद्याला लागते. हेटी मुकाट्यानं पुसते. हल्ली ती माझ्याशी कमी बोलते.

ती बाहेर गेली की मागच्या भिंतीवर बटाटा फेकून झेलतो. शंभर वेळा. उजवीकडचे सगळे येतात. डावीकडचे आधी एकही येत नव्हता, आता दहात तीन येतात.


शनिवार, १३ डिसेंबर

जिंकलो. पण क्लेमनं नवीनच खूळ काढलंय. सबंध वेळ माझ्यावर ओरडत असतो. "एनॉक, डावीकडून आला! दोन पावलं मागे! सोड, सोड, माझा आहे!" लोक हसतात. गोलामागच्या गर्दीतला एक जण म्हणाला, "अहो कप्तान, त्याला बोट धरून घरी पण नेणार का?"

सामन्यानंतर मी क्लेमला म्हटलं, नऊ वर्षं माझा खांब कुठे आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तो बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "माझा घसा मोकळा होतो रे. राहू दे."


रविवार, २८ डिसेंबर

नाताळच्या दोन दिवसांत दोन सामने झाले. एक बरोबरीत, एक हरलो. डोळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग गेला. नाकाच्या बाजूची एक फट तेवढी उरलीये.

पण मी सरावतोय, हे खरं. दहा दिवसांत एकही कप सांडला नाही. हेटी हल्ली सगळंच माझ्या उजव्या हाताला मांडते, तिला तसं सोयीचं पडत असेल. चौकटही लागत नाही. तिनं दारामागचं ते कपाट हलवलं, तेव्हापासून वाट रुंद झालीये.

एक गोष्ट आवडत नाही. चॅपलला प्रार्थनेला जाताना ती पूर्वी माझ्या उजवीकडून चालायची. आता डावीकडे येते आणि दंड घट्ट धरते. अंधारातून कोणी पकडावं तसं होतं. मी म्हटलं, तुझी बाजू पलीकडची. म्हणाली, "मोटारी फार झाल्यात रस्त्यावर." आमच्या रस्त्यावरून डॉक्टरची एक मोटार जाते, तीही रोज नाही.


शनिवार, १० जानेवारी १९३१

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

कप स्पर्धेचा सामना, आणि पहिल्या डिव्हिजनचा, सगळ्यात वरच्या श्रेणीतला संघ आमच्या चिखलात. लोक छपरांवर चढून बसले होते. एक-शून्यने जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली आणि मी ती अडवली. उजवीकडे झेपावलो, दोन्ही तळव्यांवर चेंडू बसला, आणि मग जो आवाज उठला तो अजून छातीत आहे. डॅन म्हातारा रडला. क्लबच्या अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली, कोटाला चिखल लागला तरी.

पेनल्टीच्या आधी क्लेम जवळून जाताना पुटपुटला होता, "तुझ्या उजवीकडे मारतो हा. मी यंदा दोनदा बघायला गेलोय याला." मला ते तसंही कळलंच असतं. त्याच्या पायावरून दिसत होतं.

पहिल्या अर्ध्यात दोन चेंडू डाव्या खांबाशी क्लेमनं रेषेवरून बाहेर काढले, तेही खरं. पण तो तिथे असायलाच नको होता. लेफ्ट बॅकनं कडेनं चेंडू आणणाऱ्या विंगरला धरायचं असतं. हा हल्ली माझ्या खांबाला चिकटून असतो आणि विंगर मोकळा फिरतो. संध्याकाळच्या पेपरात तेच आलंय: सर्वोत्तम गोलकीपर, कप्तान रिग्बी मात्र जागा सोडतो, वय दिसू लागलं. पेपरवाल्यांना कधी कधी कळतं.

हेटीला वाचून दाखवलं. पहिला भाग ऐकून हसली. दुसरा भाग ऐकल्यावर उठून भांडी घासायला गेली.

मी पूर्वीसारखाच खेळतोय. एका डोळ्यानं पूर्वीसारखा. डॉक्टरला काय कळतं?


गुरुवार, २९ जानेवारी

मॅनेजर ऑर्मरॉड साहेबांनी खोलीत बोलावलं. वाटलं, डोळ्याचं कळलं. पण इकडचं तिकडचं बोलले. हेटीला काम मिळालं का, घराचं छप्पर गळतं का. माझ्या डाव्या अंगाला उभे होते. मी समोर बघत उत्तरं देत होतो. मग त्यांनी हात पुढून आणला तेव्हा दिसलं, सिगारेटची डबी धरली होती. "घे की," म्हणाले, "कधीचा धरून उभा आहे."

मी म्हटलं, माफ करा साहेब, विचारात होतो. ते हसले. काही संशय आला नाही त्यांना.


सोमवार, १६ फेब्रुवारी

आता मला सगळं कळलं.

सरावाहून लवकर आलो. आमच्या घरामागच्या गल्लीत क्लेम, डॅन आणि हेटी उभे होते. मला बघून तिघं गप्प. डॅन टोपी सारखी करत म्हणाला, "इकडून चाललो होतो." डॅन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

राखीव संघाचा गोलकीपर लेन टॅटरसॉल डॅनचा पुतण्या आहे. त्याला वर आणायचं तर आधी मला पाडायला हवं. म्हणून क्लेम भर मैदानात ओरडतो, माझं हसं करतो. म्हणून डॅन हल्ली सरावात पोरांना माझ्यावर फक्त उजवीकडून चेंडू मारायला लावतो, म्हणजे सामन्यात मी डावीकडे चुकेन. आणि हेटी? तिला काय सांगितलं असेल त्यांनी? तिला विचारलं. म्हणाली, "क्लेम तुझी चौकशी करत होता."

"मी रोज भेटतो त्याला. चौकशी कसली?"

ती चुलीकडे वळली. रडली असावी, पाठ होती.


शनिवार, २१ फेब्रुवारी

हरलो. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर मी क्लेमची कॉलर धरली. लिहायला लाज वाटते, पण धरली. म्हटलं, पुढच्या सामन्यात तुझं तोंड उघडलंस तर मैदानातच फोडीन. लेनला गोलात उभं करायचं तर साहेबांकडे जाऊन सांग, माझ्या कानाशी कुत्र्यासारखा भुंकू नकोस.

क्लेमनं हात वर केला नाही. माझ्याहून अर्धा हात उंच आहे तो. हळू म्हणाला, "नको असेल तर नाही ओरडत."

"शपथ घे."

"घेतली," तो म्हणाला.


रविवार, १ मार्च

काल काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

घरचा सामना. जमीन कडक, वारा. क्लेम शब्दाला जागला. अर्ध्या तासात त्याच्या तोंडून अक्षर नाही. मैदान इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. डावीकडे कोण कुठे आहे, ते एरवी मला कसं कळायचं, हेच आठवेना.

चौतिसाव्या मिनिटाला त्यांच्या विंगरनं त्या बाजूनं चेंडू उचलून टाकला. लाथेचा आवाज ऐकला. चेंडू दिसला तेव्हा तो जवळ आला होता. मी गुडघा वर घेऊन उडी मारली, नेहमीसारखी. क्लेम चेंडू मारायला पाय रोवून उभा होता. मला तो दिसलाच नाही. माझं सगळं वजन त्याच्या नडगीवर आलं.

सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असं म्हणतात.

दोन्ही हाडं मोडली. एक बाहेर आलं होतं. स्ट्रेचरवर घालताना क्लेम डॅनला म्हणत होता, "मीच मध्ये आलो. मी आवाज दिला नाही. माझी चूक." दोनदा, तीनदा. रेफरीलाही तेच सांगितलं.

उरलेला सामना आम्ही दहा जणांत खेळलो. तीन गोल खाल्ले. तिन्ही डावीकडून.


गुरुवार, ५ मार्च

इस्पितळात गेलो. पाय आत सडू लागलाय, कापावा लागेल की काय अशी बोलणी चालली आहेत. क्लेमला ताप होता, ओठ फुटले होते. क्लबचे दोन डायरेक्टर पलंगाशी होते. त्यांच्यादेखत त्यानं पुन्हा सांगितलं, "गोलकीपर बाहेर आला की बॅकनं बाजूला व्हायचं असतं. एनॉकचा काही दोष नाही."

मी मान खाली घालून उभा होतो. इथे खोटं लिहून उपयोग नाही, म्हणून लिहितो: मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि पहिला विचार आला तो हा, की आता कोणी डोळ्याबद्दल विचारणार नाही. आणि दुसरा, की खरंच तर आहे, त्यानं आवाज द्यायला हवा होता.

मी असा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.


सोमवार, ६ एप्रिल

ईस्टर. पाय वाचला, पण वाकडा आणि आखूड होणार. क्लेम कालपासून घरी आहे. फुटबॉल संपला. फुटबॉलआधी तो छपरं शाकारायचा. तेही संपलं, शिडीवर कसा चढेल?

भेटायला गेलो तर त्याची बायको नेली दारातच उभी. नेली लहानखुरी बाई, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिचंही काम गेलंय. आत घेईना. म्हणाली, झोपलाय. मी म्हटलं, मला त्याला एवढंच विचारायचंय, शेवटच्या क्षणी तरी एक हाक का नाही दिली?

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी एक पायरी खाली उतरलो.

"तू त्याला शपथ घातली होतीस," ती म्हणाली. "आणि तुला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. नोव्हेंबरपासून माहीत आहे आम्हाला. गाडीत त्यानं तुझ्या त्या बाजूला हात हलवून पाहिला, तू पापणी हलवली नाहीस. तेव्हापासून तो दोन जागा सांभाळत होता. स्वतःची आणि तुझी. पेपरवाले त्याला म्हातारा म्हणाले, तेही गिळलं. डॅनला गळ घातली, हेटीला जाऊन सांगितलं, की एनॉकला कळू देऊ नका, तो खचेल. मे महिन्यापर्यंत ढकलू म्हणाला. मे महिन्यापर्यंत."

तिचा आवाज चढला नव्हता. शेजारची बाई पायरी धूत होती, ती आत गेली.

"आता घरी जा," नेली म्हणाली.

घरी आलो. हेटीनं चहा ठेवला, उजव्या हाताला. मी कपाकडे बघत बसलो. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डॉकरी मेलाय हे तुला आठवत होतं ना? ती म्हणाली, हो.


बुधवार, १५ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. खेळतो. चेंडू येतात, जातात. लोक म्हणतात, बिचारा, मित्राच्या दुखापतीनं खचला. मला खचायलासुद्धा चांगलंच कारण मिळालंय.

कालव्याच्या काठानं चालत गेलो होतो. पाण्याकडे बराच वेळ बघितलं. हेटी मागून येत होती, लांबून. मी वळलो तशी थांबली. मग दोघं मिळून घरी आलो.


शनिवार, २ मे

यादी लागली. माझं नाव आहे. क्लेमचं नाही.

सहा महिने ज्या कागदासाठी जीव मुठीत धरला तो पुढ्यात होता. वाचून मी सरळ ऑर्मरॉड साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, साहेब, माझा डावा डोळा गेलाय. माझ्या जागी क्लेमला ठेवा, काहीतरी काम द्या, दारावर बसवा.

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"मला जानेवारीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "सिगारेट तुला आठवत नसेल. पण दक्षिणेतल्या एका क्लबच्या लोकांनी तुला एकदाच पाहिलंय, कपाच्या सामन्यात, त्या पेनल्टीच्या दिवशी. त्यांना तू हवा आहेस, आपल्या क्लबला त्याचे पैसे मिळतील. दोन वर्षांचा करार, समुद्राकाठी घर. पुढच्या शनिवारी त्यांचा माणूस तुझ्या घरी येईल. तू सही कर आणि गप्प राहा."

"आणि तिथे कळलं तर?"

"तिथे ऊन फार असतं," ते म्हणाले. "ऊन डोळ्यावर येतं, म्हणायचं."

क्लेमच्या कामाचं पुढे बघू म्हणाले. पण सही आधी. सही नाही केलीस तर घर जूनच्या शेवटी रिकामं, क्लबला नव्या माणसासाठी लागेल.


बुधवार, ६ मे

हेटीला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सही कर."

मला वाटलं होतं ती नको म्हणेल.

"आठ महिने मी फाटकांवर उभी राहतेय," ती म्हणाली. "परवा एका मुकादमानं हात बघितले माझे, घोड्याचे दात बघतात तसे, आणि पुढे जा म्हणाला. मला बरोबर काय, चूक काय ते विचारू नकोस एनॉक. तिथे समुद्र आहे. तुझ्या डाव्या बाजूला मी चालीन."

"मैदानात कोण चालेल?"

ती म्हणाली, "असेल कोणीतरी. क्लेमसारखा."


शनिवार, ९ मे

दुपारी तीनला आले. दक्षिणेच्या क्लबचे गेल म्हणून गृहस्थ, पांढऱ्या मिशा, फार सज्जन. हेटीनं केक केला होता आणि बाहेरची खोली लख्ख पुसली होती. ऑर्मरॉड साहेब बरोबर होते. गेल साहेबांनी माझे गुडघे दाबून पाहिले, मनगटं वळवली, दम बघितला. डोळ्यांत बघून हसले, "पेनल्टी मारणाऱ्याच्या पायाकडे बघता की चेंडूकडे?" मी म्हटलं, पायाकडे.

मग त्यांच्या संघाबद्दल सांगू लागले. बॅक दोघंही चांगले आहेत म्हणे. डावीकडचा जरा नवखा आहे, गेल्याच महिन्यात लग्न झालंय, पण धीट आहे, पाय मागे घेत नाही.

कागद समोर आला. टाक हातात दिला. सहीची जागा साहेबांनी बोटानं दाखवली.

मी टाक खाली ठेवला आणि म्हटलं, "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. गेले सहा महिने. आमच्या लेफ्ट बॅकचा पाय त्यामुळेच मोडला, मी मोडला."

गेल साहेबांनी मुद्दाम डावीकडे हात नेला, मी तो कुठे गेला ते सांगू शकलो नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, उरलेला चहा संपवला, केकबद्दल हेटीचे आभार मानले. दारात माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. ऑर्मरॉड साहेब माझ्याकडे न बघता गेले.

हेटी खुर्चीवर बसून होती. कपबश्या तशाच. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आता नको." तिचा राग बरोबर आहे.


रविवार, १० मे

क्लेमकडे गेलो. नेलीनं या वेळी आत घेतलं, का ते कळलं नाही. कदाचित गावभर झालं असेल.

तो माडीवर पलंगावर होता. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा मेणासारखा. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डोळ्याचं, माझ्या संशयाचं, इस्पितळाच्या भिंतीशी मला काय वाटलं होतं तेही. सही केली नाही हे शेवटी सांगितलं. वाटलं होतं, हे ऐकून त्याला बरं वाटेल.

तो कोपरावर उठला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नाही.

"मूर्ख आहेस तू," तो म्हणाला. "माझा पाय गेला. तो गेला तो गेला. त्याच्या बदल्यात तुझं घर तरी राहिलं, असं मी रोज रात्री स्वतःला सांगत होतो. आता मी स्वतःला काय सांगू?"

मी म्हटलं, त्यांचा लेफ्ट बॅक नवखा आहे. नुकतंच लग्न झालंय त्याचं.

क्लेमनं पाठ टेकली आणि भिंतीकडे तोंड केलं. खाली नेली बटाटे सोलत होती, ते पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. मी जायला वळलो.

"कुठे चाललास?" तो भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला. "दहा आठवडे छतं बघतोय, आधी तिथलं, मग इथलं. बाहेर ऊन आहे ना? नेलीला मी उचलत नाही. मला खाली ने."

मी पलंगाशी खाली बसलो. तो पाठीवर आला. वजन फार कमी झालंय त्याचं. त्यांचा जिना आमच्यासारखाच, अरुंद आणि उभा, आणि त्यात उजेड नाही. मी डावा खांदा भिंतीला लावला, पायानं पायरी चाचपली, वजन टाकलं, मग पुढची. त्याचा प्लास्टरचा पाय माझ्या उजव्या बाजूला पुढे आला होता; तो कठड्याला लागू नये म्हणून मी सबंध वेळ त्याच्यावर नजर ठेवून होतो.

खाली पोचेपर्यंत दोन्ही हातांनी त्यानं माझी कॉलर इतकी घट्ट आवळली होती, की परसात त्याला खुर्चीवर बसवल्यावर नेलीला त्याची बोटं सोडवावी लागली.